बिल्टी नसलेलं जहाज

अनंतरावांना खोटं ऐकून घ्यायची सवय नव्हती. चाकणच्या ज्या कंपनीत त्यांची उमर गेली तिथं ते मालखरेदीला होते, आणि मालखरेदीच्या माणसाला दिवसभर दुसरं काय ऐकायला मिळतं? "साहेब, माल निघालाय." "साहेब, गाडी खंबाटकीत बंद पडलीय." "साहेब, अगदी तळेगाव टोलला आलीय बघा, तुमचा चहा होईपर्यंत गेटवर." इकडं लाइन थांबायची वेळ आलेली, मोठा साहेब डोक्यावर उभा, आणि तिकडं माल अजून भोसरीत प्लेटिंगच्या टाकीत बुडलेला. अनंतराव आवाज चढवत नसत. ते फक्त विचारत, "बिल्टी नंबर काय? गाडी नंबर? ड्रायव्हरला फोन लावून द्या." ट्रकमध्ये माल चढला की ट्रान्सपोर्टवाला जी पावती देतो ती बिल्टी. माल चढलाच नसेल तर ती आणणार कुठून? समोरचा कुठं ना कुठं चाचरायचाच. भोसरीचे एक दादासाहेब तर इतके तरबेज, की गाडीला वाटेत म्हैस आडवी आल्याचंसुद्धा रंगवून सांगायचे. त्यांनाही अनंतरावांनी एकदा असं धरलं, की पुढं बिचाऱ्यांनी खरं बोलायची सवयच लावून घेतली. ही हकिकत अनंतरावांनी घरी जेवताना इतक्यांदा सांगितली होती, की वासंतीबाई आमटी वाढता वाढता पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळ्या होत.

तर असा हा माणूस रिटायर होऊन मोशीतल्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसला, तरी डोक्यातली कंपनी काही सुटली नाही. लागेल तेव्हा आणि लागेल तेवढंच आणायचं, साठा म्हणजे पाप, हा कारखान्यातला धर्म त्यांनी घरातही चालू ठेवला. गॅसचा दुसरा सिलिंडर तर त्यांनी एजन्सीला परत करून टाकला. "बुक केला की येतोच ना? मग एक भरलेला सिलिंडर घरात नुसता बसवून ठेवायचा कशाला? तो काय जावई आहे?" वासंतीबाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता, पण वाद घातला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठं वाद घालायचा आणि कुठं वेळ यायची वाट बघायची, हे त्यांना चांगलं कळत होतं.

समोरच्या दारात रहिमानभाई आणि नजमाभाभी राहत. रहिमानभाईंचं चाकणला तळेगाव चौकाजवळ इंजिन ऑइल, ग्रीस आणि फिल्टरचं दुकान. माणूस अबोल, दिवसाला जेवढे डबे विकेल तेवढेही शब्द बोलायचा नाही. ती कसर नजमाभाभी भरून काढत. त्यांचा एकुलता एक अजिम हा अर्धा त्या घरात आणि अर्धा या घरात वाढलेला. आयटीआय करून तो चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागला. काही महिने झाले की ब्रेक, की पुन्हा नवा गेटपास. शेवटी अनंतरावांनीच त्याला समोर बसवलं. "तुझ्या हातात कसब आहे, गाढवा. इथं कंत्राटात झिजण्यापेक्षा जहाजावर फिटर म्हणून जा. चार देश तरी बघशील." मग कोर्स आला, मुंबईच्या ऑफिसांच्या खेपा आल्या, त्या सगळ्या अनंतरावांनी त्याच्याबरोबर जाऊन केल्या. अजिम गॅस वाहून नेणाऱ्या जहाजावर लागला. आखातात गॅस भरायचा आणि गुजरातेत कांडल्याच्या बंदरात आणून उतरवायचा. तोच गॅस पुढं सिलिंडरमधून इथल्या शेगड्यांवर येतो. "तुमच्या चहाखालचा गॅस आमचा अजिम आणतो बरं का," नजमाभाभी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि सांगताना एवढ्या फुलून येत की कुणी त्यांची चूक काढायच्या भानगडीत पडत नसे.

आणि त्या वर्षी आखातात पुन्हा पेटलं. आधी बॉम्ब कुणी टाकले आणि मग कुणी टाकले, हे टीव्हीवर रोज नव्यानं ठरत होतं. होर्मुझ नावाची समुद्राची एक चिंचोळी वाट आहे. जगाचं केवढं तरी तेल आणि गॅस तिथून बाहेर पडतो. एका देशानं ती वाट अडवली, दुसऱ्यानं आपल्या लढाऊ बोटी तिच्या तोंडाशी आणून उभ्या केल्या, आणि आतल्या बाजूला मालाची जहाजं नांगर टाकून बसून राहिली. अजिमचं जहाज त्यांतलंच एक. गॅस भरून तयार, पण निघणार कुठून?

सोसायटीच्या बाकावर अनंतरावांची व्याख्यानं सुरू झाली. "हे भांडण धर्माचं नाही नि सीमेचंही नाही, लिहून घ्या. हे तेलाचं आहे. विहीर एकाची, पंप दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा आणि बंदूक चौथ्याची. ज्याच्या हातात नळ, त्याच्या हातात सगळ्या जगाची मानगूट. शंभर वर्षं हाच खेळ चाललाय." बाकावरची मंडळी माना डोलवत होती. नजमाभाभी भाजीची पिशवी घेऊन मागं कधी येऊन उभ्या राहिल्या, ते कुणालाच कळलं नाही.

"मानगूट जगाची असेल हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगं माझं आहे."

त्यानंतर बाकावरचं व्याख्यान बंद झालं ते झालंच. त्याच संध्याकाळी त्यांनी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मिहिरला, म्हणजे आपल्या मुलाला, फोन करून विचारलं, की जहाज कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं म्हणतात, ते कसं? मिहिरनं ॲप घालून दिलं आणि सांगितलं, की फुकटात फक्त किनाऱ्याजवळचं दिसतं, भर समुद्रातलं बघायचं तर पैसे भरावे लागतात. दुसरा सिलिंडर परत करणाऱ्या या गृहस्थानं वर्षाचे पैसे एकदम भरले.

मग रोजचा नेम बसला. संध्याकाळी नजमाभाभी हातातलं काम टाकून यायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. अनंतराव टॅब मांडीवर घेऊन नकाशा मोठा करायचे. निळ्या समुद्रात हिरवे ठिपके, त्यांतला एक अजिमचा. जहाजावरचं इंटरनेट कप्तानानं बंद केलेलं होतं. "नेट बंद करतायत, काळजी करू नका," एवढाच अजिमचा शेवटचा निरोप होता, त्यामुळं सगळी भिस्त या ठिपक्यावर. नजमाभाभी तो ठिपका बोटानं हळूच कुरवाळायच्या, आणि नकाशा सरकून एकदम आफ्रिकेत जायचा. "अहो भाभी, हात लावू नका!" अनंतराव ओरडायचे. "लावणार, माझा आहे," त्या म्हणायच्या. तिथून त्या राजगुरुनगरला फोन लावायच्या. अजिमची बायको आलिया तिथं माहेरी बाळंतपणाला गेलेली, सातवा संपत आलेला. "तिथंच आहे गं. बरा आहे. भाऊंनी बघितलं," एवढं ऐकलं की ती पोरगी जेवायची.

एके दिवशी तर ठिपका चक्क वाळवंटात, एका विमानतळावर उभा दिसला. "या अल्लाह! पोरगं जहाजावर आहे का उंटावर?" नजमाभाभी किंचाळल्या. युद्धात दोन्हीकडचे लोक मुद्दाम सिग्नल बिघडवून ठेवतात, मग नकाशावर जहाजं भलतीकडंच दिसतात, हे अनंतरावांनी समजावून सांगितल्यावर त्या एवढ्या हसल्या की वासंतीबाईंनी आतून येऊन पाणी दिलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपकाच नव्हता.

अनंतरावांनी ॲप बंद करून उघडलं. टॅब बंद करून चालू केला. मिहिरला फोन केला. अजिमच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ऑल क्रू सेफ आहे सर, अपडेट आला की कळवतो." हा आवाज अनंतराव हजार वेळा ऐकून चुकले होते. टीव्ही लावला, तर एका जहाजाला आग लागल्याची बातमी. तेलाचं का गॅसचं, कुणाचं, काही सांगत नव्हते, नुसता धूर पुन्हा पुन्हा दाखवत होते. या पोराला तिकडं कुणी पाठवला? आपणच ना? चार देश बघशील म्हणून?

त्यांनी टीव्ही बंद केला, आणि दारातून नजमाभाभी आत आल्या. हाताला अजून कणीक लागलेली.

"कुठंय हो आज?"

"आहे की. तिथंच." अनंतरावांनी टॅब छातीशी धरला. "आज जरा नकाशा हळू चालतोय. मी दुपारी बघितलं ना."

बोलून गेले. खरं सांगतो, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. नजमाभाभींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, त्यांनी कणकेच्या हातानंच फोन काढून आलियाला सांगितलं, आणि अनंतरावांना वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या येईल ठिपका.

उद्या काही ठिपका आला नाही. परवाही नाही. आणि इथं अनंतरावांचा धंदाच त्यांच्या आड आला बघा. माल एकाच जागी फार दिवस उभा आहे असं सांगितलं, की गिऱ्हाइकाला शंका येते, हे त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं अख्ख्या चाकणात कुणाला नसेल. म्हणून नकाशा अजून अडतोय असं सांगत, टॅब आपल्याकडंच वळवून धरून, त्यांनी जहाज हलवलं. थोडंसंच. मग म्हणाले, रांग लागलीय, पुढं बरीच जहाजं आहेत. मग एक दिवस वाट दाखवणारी बोट उशिरा आली. खोट्याला थोडी अडचण चिकटवली की ते खऱ्यासारखं दिसतं, ही विद्या त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकून ऐकून शिकलेली होती. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी अजिमचं जहाज त्या चिंचोळ्या वाटेतून अलगद बाहेर काढलं आणि मोकळ्या समुद्रात आणून सोडलं.

"बाहेर?" नजमाभाभी उभ्याच राहिल्या. "भाऊ, बाहेर आला?"

"आला," अनंतराव म्हणाले. "लाटा जरा मोठ्या आहेत, पण आला."

नजमाभाभींनी ओढणीनं तोंड झाकून घेतलं आणि धावत घरी गेल्या. वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

"तुम्ही आज दादासाहेबांसारखं बोललात," त्या म्हणाल्या.

अनंतरावांनी टॅबकडं बघितलं.

"लाटा मोठ्या आहेत म्हणे. उद्या जहाजाला म्हैस आडवी येईल. अहो, तो दिसतोय का नाही नकाशावर?"

"नाही."

"कधीपासून?"

अनंतरावांनी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला. वासंतीबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. रागावल्या होत्या, पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांचा राग अर्धा झाला. "मला कळतंय तुम्ही का केलंत ते. पण हे तुमचं नाही. तिचं पोरगं आहे ते, तिला माहीत असायला पाहिजे. सकाळी जाऊन सांगा."

सकाळी अनंतराव दारापर्यंत गेले आणि दुधाची पिशवी उचलून परत आले. दुपारी गेले तर समोर कुलूप. तेवढ्यात वासंतीबाईंनी आतून हाक मारली, "गॅस बुक केलाय ना तुम्ही? सिलिंडर हलका लागतोय." बुक केलेला होता, पण एजन्सीवाले आता फोनच उचलत नव्हते. अनंतराव म्हणाले, "येईल." वासंतीबाई म्हणाल्या, "तो पण मोकळ्या समुद्रात पोचला का?" अनंतरावांना जमिनीत जावंसं वाटलं.

संध्याकाळी नजमाभाभी आल्या त्या हातात शिऱ्याचं पातेलं घेऊनच. नवा ड्रेस घातलेला, डोळ्यांत सुरमा. "घ्या वहिनी, तोंड गोड करा. रात्रभर झोप नाही आली मला आनंदानं. आणि ऐका, आलिया काही ऐकायला तयार नाही. म्हणते, जहाज कांडल्याला लागेल तेव्हा मला तिथं असायचंय. तिचा भाऊ शहेबाज गाडी घेऊन निघालाय तिला घेऊन. मी म्हटलं, अगं, एवढ्या पोटानं? पण मेली कुणाच्या बापाचं ऐकते का! निघालीसुद्धा राजगुरुनगरहून."

अनंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सातवा संपत आलेला, गुजरातपर्यंतचा गाडीचा प्रवास, आणि तिथल्या धक्क्यावर कोण भेटणार? समुद्र! पातेलं अजून नजमाभाभींच्या हातात होतं.

"भाभी, बसा."

"बसते हो, आधी शिरा..."

"भाभी, जहाज बाहेर आलेलं नाही. म्हणजे, आलंय का नाही मला माहीत नाही. नकाशावर ते दिसतच नाही. वाळवंटात दिसलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाही. मी खोटं सांगत होतो." एका दमात म्हणून टाकलं त्यांनी. "आलियाला थांबवा."

नजमाभाभींनी पातेलं टेबलावर ठेवलं. एवढ्या हळू ठेवलं, की आवाजसुद्धा झाला नाही. दारात रहिमानभाई येऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि शहेबाजला लावला. "कुठं आहात?... हां. तिथनंच गाडी फिरवा आणि घरी घेऊन या तिला. मोशीला. नंतर सांगतो." मग अनंतरावांकडं न बघता म्हणाले, "आमच्या दुकानासमोरच आहेत. ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

चाकणच्या ट्रॅफिकला आजवर लाखो माणसांनी शिव्या दिल्या असतील. त्या दिवशी वासंतीबाईंनी देवासमोर उभं राहून त्याचे आभार मानले.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं," नजमाभाभी म्हणाल्या.

"नव्हतं."

"मी काल शुक्रान्याची नमाज अदा केली. अल्लानं पोराला बाहेर काढलं म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "जे त्यानं दिलंच नव्हतं, त्याचे आभार मानून आले मी. भाऊ, तुम्ही मला त्याच्यापुढं खोटी केलीत."

अनंतराव हात जोडून उभे राहिले. नजमाभाभी वळल्या आणि गेल्या. समोरचं दार लागलं. आलिया आली तेव्हा तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, आणि अनंतराव खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले होते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, की ज्या माणसांना ते खोटं बोलताना पकडायचे, त्यांना तेव्हा कसं वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी नजमाभाभी आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडं बघून खाली उतरल्या. रहिमानभाई मात्र मान हलवत, नेहमीसारखीच, पण ते तसे सगळ्यांनाच मान हलवत. अनंतराव जेवेनात. टॅब उघडून बसायचे, निळ्या पाण्यात शोधायचे, बंद करायचे. मुंबईच्या ऑफिसात रोज फोन करायचे. ती गोड आवाजाची मुलगी आता त्यांचा नंबर ओळखायला लागली होती.

आणि त्यात गॅस संपला. सकाळच्या वरणाला कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी काही येईना. शेगडीवर निळी जीभ थरथरली आणि विझली. अनंतरावांना वाटलं, आता चाळीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडणार. वासंतीबाईंनी शेगडीचा खटका बंद केला. त्यांनी पदर खोचला, कुकर फडक्यानं धरला आणि सरळ समोरच्या दाराकडं निघाल्या.

"अहो, तिकडं कुठं?" अनंतराव घाबरले. "त्या बोलत नाहीत आपल्याशी."

"तुमच्याशी बोलत नाहीत," वासंतीबाई म्हणाल्या. "माझ्या वरणाशी तिचं काही भांडण नाही."

दार उघडलं, कुकर आत गेला, वासंतीबाईही आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. समोरही एकच सिलिंडर उरलेला, तोही अर्धा. तेव्हापासून दोन्ही घरांचा स्वयंपाक त्या एका शेगडीवर सुरू झाला. आधी वरणभात उतरायचा, मग त्यावर रस्सा चढायचा. आलियाला डोहाळे कशाचे आहेत, त्यावर दोघी भांडायच्या. अनंतरावांचं ताट इकडं यायचं, झाकून, वासंतीबाईंच्या हातून.

एका संध्याकाळी ते ताट नजमाभाभी घेऊन आल्या. टेबलावर ठेवलं आणि खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसल्या. अनंतराव धडपडून उठले, तशा त्या म्हणाल्या, "बसा. कुठंय आज अजिम?"

अनंतरावांनी टॅब उघडला. नकाशा मोठा केला, सगळीकडून फिरवून बघितला, आणि टॅब त्यांच्यापुढं धरला, की त्यांनाही दिसावं.

"माहीत नाही, भाभी."

"हां." नजमाभाभींनी निळ्या पाण्याकडं बघितलं. "असंच सांगायचं मला. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. पण रोज सांगायचं, भाऊ. रोज बघायचं आणि रोज सांगायचं. मी तिकडं घरात एकटी बसून 'माहीत नाही, माहीत नाही' करत होते ना, तर भिंती अंगावर यायला लागल्या. यांना तर बोलता येत नाही, ती पोरगी रडते. तुम्ही निदान माझ्याबरोबर बसून म्हणा."

अनंतरावांनी टॅब बाजूला ठेवला. "मीच पाठवलं त्याला," ते म्हणाले.

"तुम्ही कोण पाठवणारे?" नजमाभाभी फणकारल्या. "त्याला जायचं होतं. तुम्ही फक्त मुंबईच्या गाडीत त्याच्या शेजारी बसलात. ताट गार होतंय, जेवा आता. तब्येत बघा काय करून घेतलीय."

अनंतराव जेवले. कितीतरी दिवसांनी चव लागली.

मग रोजच बसायला लागले सगळे. आलिया पाय वर घेऊन सोफ्यावर, वासंतीबाई लसूण सोलत, रहिमानभाई दुकान लवकर बंद करून येत आणि दारापाशी स्टूल घेऊन बसत. टीव्हीवर मोठे मोठे लोक मोठ्या मोठ्या टेबलांभोवती बसून एकमेकांना इशारे देत होते, तेलाचा भाव चढत होता, उतरत होता. या घरात अनंतराव टॅब फिरवायचे आणि म्हणायचे, "नाही दिसत." सगळे एक उसासा टाकायचे. मग कुणीतरी चहाचं बोलायचं आणि आहे त्या गॅसवर एक कप चहा पाच जणांत व्हायचा.

अशाच एका संध्याकाळी आलियाचा फोन वाजला. नंबर भलताच लांबलचक. तिनं उचलला, ऐकलं, आणि तिच्या तोंडून नुसता हुंदका फुटला. कुणाला काही विचारावंच लागलं नाही, अजिमच होता. जहाजावरचा एकच फोन होता आणि प्रत्येकाला अगदी थोडी मिनिटं होती. आलिया नुसती ऐकत राहिली. मग नजमाभाभींनी फोन ओढून घेतला. पाणी आहे का, जेवायला काय देतात, अंगावर गरम कपडे आहेत का, त्या वाळवंटाच्या उकाड्यात गरम कपडे! रहिमानभाईंनी फोन कानाला लावला, "हां बेटा... हां... हां," म्हणाले आणि तोंड भिंतीकडं वळवून तो परत केला.

नजमाभाभींनी फोन अनंतरावांपुढं धरला. "घ्या. बोला. आणि त्याला सांगा, तुम्ही त्याला कधीच बाहेर काढलं होतं म्हणून." इतक्या दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी खोडी परत आली होती.

अनंतरावांनी फोन घेतला. आयुष्यभराचे प्रश्न त्यांच्या जिभेवर तयार होते. सिग्नल कधी बंद केला? नांगर कुठं आहे? बाहेर पडलात का आतच? पुढं किती जहाजं आहेत? पलीकडून समुद्राचा खरखराट येत होता.

"काका?" अजिम म्हणाला.

"आहेस ना रे?"

"आहे की, काका. इथं ना..."

"आहेस ना? झालं. बस."

पलीकडं कुणीतरी अजिमला घाई केली आणि फोन बंद झाला. खोलीतली सगळी माणसं अनंतरावांकडं बघत होती. शेवटी विचारणं हे काम त्यांचंच होतं.

"काय म्हणाला?" वासंतीबाईंनी विचारलं. "नक्की कुठं आहे? सुटले का तिथून?"

"विचारलंच नाही," अनंतराव म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले.

नजमाभाभींनी त्यांच्याकडं बघितलं. मग खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.